भुरीचा गोटा होणार नाही

२४ फेब्रुवारी, सोमवार
भुरीला शेवटी दवाखान्यात नेलं. मांजर नऊ वर्षांचं, केस हे लांब. पाठीवर, पोटाखाली, दोन्ही काखांत जटा झाल्यात, हात लावला की फिस्कारते. डॉ.नी एक जट दोन बोटांनी उचलून दाखवली. खाली कातडी लालभडक.
"हे विंचरून निघायचं नाही मॅडम. भूल देऊ आणि सरळ गोटा करू. अर्ध्या तासाचं काम."
मग छातीला नळी लावली, जरा सरकवून पुन्हा लावली. हृदयाचा आवाज बरोबर नाही म्हणे. भूल द्यायची तर थोडी जोखीम. थोडी म्हणजे किती, ते काही सांगेनात. पण जटा तशाच ठेवल्या तर खाली जखमा होणार, त्या चिघळणार.
मी म्हटलं, गोटा नाही. मी सोडवते.
"कधीपर्यंत?"
तोंडाला येईल ते बोलून बसले, रंगपंचमीपर्यंत.
डॉ. हसले. "ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन या. एक जरी जट राहिली असली तरी मशीन लावणार, मग ऐकणार नाही मी."
हसा म्हणावं.

२५ फेब्रुवारी
सोनूचा पुण्याहून फोन. मांजर हिचं, हौस हिची, नोकरी लागली तशी स्वारी पुण्याला आणि मांजर आमच्या गळ्यात. तिला वाटतं मी उगाच हट्ट करतेय. "आई, केसच तर आहेत. परत येतील."
हेच वाक्य. अक्षरशः हेच. आश्रमशाळेत पाचवीला असताना अधीक्षिका बाई असंच म्हणाल्या होत्या.
फोन ठेवून दिला. प्र.नी विचारलं, आपल्या लेकीशी भांडलीस का? नाही म्हटलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
सुट्टी. कॉलेज रोडच्या दुकानात ब्रश बघायला गेले. प्र. निघताना म्हणतात, "आज जटा सोडवू नकोस हो, शंकराचा दिवस आहे." स्वतः साबुदाण्याच्या खिचडीला बसले.
दुकानदाराने अर्धं दुकान काउंटरवर मांडलं. रबरी मोजा, पिनांचा ब्रश, वाकड्या बारीक तारांचा ब्रश, पात्यासारखं एक काहीतरी. पात्याने म्हणे ढीगभर केस निघतात. निघतात की कापले जातात, असं विचारलं तर म्हणाला, "एकच ना ताई." एकच कसं? नको म्हटलं.
तारांचा ब्रश आधी माझ्याच मनगटावर ओढून बघितला. पांढरे ओरखडे उठले. म्हणजे हलक्या हाताने चालवला तरच. तो घेतला. आणि एक स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ, अर्धे दाट. जड आहे, हातात बसतो. मोजा प्र.साठी घेतला, त्यांना चालवायला सोपा म्हणून.

२७ फेब्रुवारी
गुंता म्हटला की तेल. हे काय मला कुणी शिकवायला हवं? लहानपणी डोक्यात गुंता झाला की आई मूठभर तेल थापायची आणि मग फणी. भुरीच्या पाठीवर छान खोबरेल चोळलं. जट मऊ लागतेय. उद्या बघाच.

१ मार्च, शनिवार
काय बघाच! तेलावर घरभरची धूळ बसली, जट पहिल्यापेक्षा घट्ट. गादीवर, सोफ्यावर, प्र.च्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचे डाग. आणि बाईसाहेबांनी ते सगळं चाटून काढलं, सकाळपासून तीनदा जुलाब.
डॉ.ना फोन. चांगलेच ओरडले. "तेल? मांजराला? आणि आता आंघोळ घालू नका, पाण्याने जट आणखी आवळते!" आंघोळीचं मनात होतंच माझ्या. म्हणाले, कॉर्नफ्लॉर भुरभुरवा, तेल शोषून घेईल.
मंच्युरियनचा उरलेला पुडा फडताळात होता. मांजर पांढरंफटक. प्र. दारात उभे राहून, "तळणार आहेस का आता तिला?"
हसू आलं मला, पण दाखवलं नाही. माझा अर्धा आठवडा गेला. मुदतीतला.

४ मार्च
सुटली! पहिली जट सुटली!
आजवर मी कंगवा वरून घालत होते, मुळापाशी. कातडी ओढली जायची, ती चावायची, मी सोडून द्यायचे. आज डाव्या हाताच्या चिमटीत केस मुळाशी घट्ट धरले आणि शेंड्याकडून जरा जरा सोडवत आले. ओढ सगळी माझ्या बोटांवर, तिच्या कातडीला कळतही नाही. आधी बोटांनी जट फाडायची, उभी, मग विरळ दात, मग दाट. तारांचा ब्रश अगदी शेवटी.
आई असंच करायची. पेठकडच्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर बसून. माझी बट मुठीत आवळून धरायची, म्हणून दुखायचं नाही. तेल तेवढं लक्षात राहिलं माझ्या, आणि मूठ विसरले. शाबास मंदाबाई.
दिवेलागणीला थांबले. दिवा लागल्यावर विंचरायचं नाही, हा आईचा कायदा. मांजराला लागू होतो की नाही माहीत नाही, पण हात आपोआप थांबतो.

७ मार्च
उद्या शनिवार, म्हणून महिला दिन ऑफिसात आजच उरकला. सगळ्यांना एक एक गुलाब. साहेब नारीशक्तीवर बोलत होते आणि मी नखांतले भुरे केस काढत होते. शेजारच्या टेबलवरच्या जाधव मॅडम, माहेरची द्राक्षबाग, म्हणाल्या, "मांजराचं नाव भुरी? आमच्याकडे भुरी आली की लगेच फवारणी करतात बाई." बागेवरचा रोग तो. मी म्हटलं, करून बघा, माझ्या भुरीला फवारणी.
मग त्याच म्हणाल्या, एवढा कशाला जीव काढता, एकदाचं भादरून टाका.
ज्याला त्याला भादरायचीच घाई. विंचरायला बसावं लागतं ना.

१० मार्च
आज प्र.शी कडाक्याचं भांडण.
ऑफिसातून आले तर हे भुरीला मांडीवर घेऊन, हातात शिवणाची कात्री. "पोटाखालची एवढी कापून टाकतो, तुझं काम हलकं होईल." मी किंचाळलेच. जट उचलली की कातडी तिच्याबरोबर वर येते, कागदासारखी पातळ, कात्रीला काय कळतंय केस कुठला नि कातडी कुठली? कात्री हिसकावून घेतली. "मदत करत होतो!" "नको मला असली मदत!"
मग बसले आणि सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी सांगितलं नव्हतं. आश्रमशाळेत उवा झाल्या म्हणून एका सकाळी सगळ्या मुलींना आवारात रांगेने बसवलं. न्हावी बोलावला होता. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. कमरेपर्यंत केस होते माझे. बाई म्हणाल्या, रडायला काय झालं, केसच तर आहेत. बाजाराच्या दिवशी आई भेटायला आली. दर वेळी यायची ती कमरेला फणी खोचूनच, भेट म्हणजे आधी माझं डोकं विंचरणं, मग बोलणं. त्या दिवशी तिने फणी काढली, माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि फणी परत कमरेला खोचली. नागलीची भाकरी दिली आणि गेली. एक शब्द बोलली नाही. मला नाही, बाईंनाही नाही.
प्र. उठले, कंगव्यात अडकलेले केस काढले, कंगवा साबणाने धुतला, पुसून माझ्यासमोर ठेवला. ओझरच्या कारखान्यातली सवय, हत्यार पुसूनच ठेवणार.

१३ मार्च, होळी
पाठ मोकळी. पाठीची सगळी! भुरी आज स्वतःहून येऊन ब्रशला गाल घासत होती. नैवेद्याची पुरणपोळी करपली, करपू दे.
राहिल्या पोटाखालच्या दोन आणि काखांतल्या.
गावाकडून भावाचा फोन. होळी झाली की आईला डोळे दाखवायला नाशकात आणतोय. राहील चार-सहा दिवस.

१६ मार्च, रविवार
आई आली. आल्या आल्या भुरीला बघून, "हे मांजर हाय का मेंढरू?" मी कंगवा काढला तर हसून हसून ठसका लागला तिला. "मांजराला फणी! लय शाणी झालीस गं मंदे."
मी नाही हसले. ठरवलं नव्हतं, पण तोंडून गेलंच.
"आई, माझा गोटा केला तेव्हा तू बाईंना एक शब्द का बोलली नाहीस?"
हसायची थांबली.
"बोलले असते तर बाईनं म्हटलं असतं, ने तुझी पोर घरी. नेली असती तर काय घातलं असतं तुला? तिथं दोन टायमाला जेवत होतीस."
"मला तरी काही बोलायचंस."
"काय बोलू? तोंड उघडलं असतं तर रडले असते. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं मला."
मी आतल्या खोलीत निघून आले. तिचं बरोबर आहे. तरी मला राग आहे. दोन्ही आहे.

१७ मार्च
सकाळी चहा घेताना आपणहून म्हणाली, "ती फणी मी त्याच दिशी नदीत टाकली. येताना. पुलावरनं."
"का?"
"का म्हंजे? राग आला म्हणून. लांब फेकली."
इतकी वर्षं मला वाटत होतं तिला काही वाटलंच नाही. मी तिच्याकडे पाठ करून किती वर्षं रुसले, आणि ती फणी केव्हाच दमणगंगेतून वाहून गेलेली.
डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू, पण अजून थांबता येईल. ती खूश. संध्याकाळी पोटाखालची एक सुटली.

१८ मार्च
ऑफिसला दांडी. ताप आहे असं कळवलं. साहेबांनी विचारलं, किती आहे? भरपूर म्हटलं.
आईने भुरीला मांडीवर उताणी धरली. मला चावते, तिला नाही चावत. आई तिच्या कानामागे खाजवत गावाकडचं काहीतरी पुटपुटत होती. पोटाखालची दुसरी सुटली, उजव्या काखेतली सुटली. मध्येच मी घाई केली, कंगवा ओढला. आईने हातावर चापट मारली. "मूठ आवळ. मुळाला धर." हो बाई, धरते.
काखेतली कातडी आता गुलाबी दिसतेय, लाल नाही. पावडर लावल्यासारखी मऊ.
उरली एक. डाव्या काखेतली, सगळ्यांत जुनी. सुपारीएवढी. पायाच्या हालचालीने आवळत आवळत दगड झालीय.

१९ मार्च, रंगपंचमी
बाहेर सकाळपासून धिंगाणा. पोरांनी जिन्यापर्यंत रंग आणला. ढोल वाजला की भुरी पलंगाखाली. दुपारभर बाहेरच येईना. चार वाजून गेले तरी नाही. प्र. रंगून आले, गालफडं जांभळी, त्यांना बघून आणखी आत सरकली. बाथरूममध्ये पिटाळलं त्यांना.
ढोल थांबले तेव्हा कुठे आली. बसलो. आईने धरलं, मी जट बोटांनी फाडायला घेतली. कडेने जरा सैल झाली. विरळ दाताचं एक टोक आत शिरतंय. अर्धी मोकळी. भुरी एकदा ओरडली, थांबलो, पुन्हा धरलं.
आणि अंधारून आलं. प्र.नी देवापाशी दिवा लावला. माझा हात थांबला. मी कंगवा खाली ठेवला, म्हटलं, राहू दे, झालं तेवढं झालं. उद्या मशीन.
आई म्हणाली, "का थांबलीस?"
"दिवा लागला ना."
"लागला तर लागला. ती मोठी ट्यूब पेटव, मला नीट दिसत नाय."
माझी आई! जिने दिवेलागणीला मला कधी कंगवा हातात धरू दिला नाही.
ट्यूब लावली. अजून थोडी सुटली. मुळाशी बोराएवढी गाठ राहिली आणि भुरी थकली, मान टाकून झोपली तिच्या मांडीवर. आता ओढायचं नाही. जीव आहे तिचा.
डॉ.नी सांगितलंय, एक जरी राहिली तरी मशीन. बोराएवढी ही एक धरतात की नाही, देव जाणे. मी कंगवा पर्समध्ये टाकलाय. तिथे बाकावर बसून सोडवीन, लोक बघू देत.
प्र. म्हणाले, सकाळी मी येतो सोबत, रजा टाकतो.
आई भुरीच्या अंगावरचे सुटे केस वेचून गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही ऱ्हाऊ द्या. मी जाते तिच्यासंगं. ह्या टायमाला डॉक्टरशी मी बोलते."