सावलीत निसवलेलं भात

कडाव,
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय आरोही,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे बरे आहेत, एवढं लिहून मोकळी होणार होते. आईंचा गुडघा सोडला तर खरंच बरे आहेत. बरी नाही ती मी.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही, म्हणून कागद घेतला. त्या दिवशी तू विचारलंस, शेजारचे दामूकाका माझा फोन का घेत नाहीत? मी म्हटलं, रेंज नसेल. खोटं बोलले गं.

काकांचं गरवं, उशिरा तयार होणारं भात यंदा निसवलंच नाही. सगळ्यांची कापणी उरकली, त्यांचं नुसतं हिरवंगार, लोंबीचा पत्ता नाही. लोक म्हणतात, गेल्या साली आरोहीनं तिथल्या लोंब्या पुण्याच्या लॅबला नेल्या, तिनंच काहीतरी केलं.

मला खरं माहीत होतं. तुझ्या दादानं काकांच्या बांधाला लागून क्रिकेटचं टर्फ केलंय, त्याचे फ्लडलाइट रात्रभर चालू. वाल सोलता सोलता तूच सांगितलं होतंस ना, पानात उजेड ओळखणारं प्रथिन असतं, त्याच्यावर भात रात्र मोजतं, रात्र मोठी झाली की निसवतं, मध्येच दिवा लावला की फसतं. ते फसू नये म्हणून ते प्रथिनच बदलायची तुझी सगळी खटपट. आणि इथे टर्फच्या खोलीची सावली पडते तेवढ्याच पट्ट्यात काकांचं भात निसवलंय! मी यांना नेऊन दाखवलं. म्हणाले, "गप बस, गिऱ्हाईक तुटंल."

बसले गप. गेल्या रविवारी विहारात दामूकाकांची ठकूकाकी तुझं नाव घेऊन रडली, तेव्हा मी म्हटलं, "असंल बाई." शी! माझीच मला किळस आली.

काल काकीला हाताला धरून तो पट्टा दाखवला. तिनं एक लोंबी हातात घेतली, म्हणाली, "दिवे तुज्या नवऱ्याचे, नि नाव त्या पोरीचं? मी नाय सांगनार कुनाला. तूच सांग, तितंच, सगळ्यांसमोर."

हे कळल्यापासून यांनी अबोला धरलाय. धरू देत. परवा रविवारी मी विहारात उभी राहणार आहे. सगळं बोलेन.

तू मला वहिनी म्हणतेस. रविवार होईपर्यंत म्हणू नकोस.

नुसती,
रूपा