निरोगी गट

चि. रागिणीस,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

नैराश्यावरच्या अभ्यासासाठी तू तिवशाला आलीस तेव्हा म्हणालीस, “आत्या, आजारी बाया भेटल्या मले. आता तुलनेसाठी निरोगी पाह्यजेत. तू त ठणठणीत आहेस वं!”

मी जुनी बी.एस्सी. आहे. निरोगी म्हणून निवडलेल्या माणसाने खोटं सांगितलं तर तुलनाच फसते, हे मला कळतं. म्हणून कोणाला न सांगितलेलं तुला सांगितलं. यजमान गेल्यापासून गॅस पेटवावासा वाटत नाही. कुणी दार वाजवलं तर मी आत गप्प बसून राहते.

मागच्या आठवड्यात अकोल्याला दादाकडे तुझा प्रबंध पाहिला. तू भरून घेतलेला माझा फॉर्म सतरा नंबरचा होता. प्रबंधाच्या शेवटी जोडलेल्या यादीत सतरा नंबर आजारी गटात आहे, आणि ती नोंद तू माझी मुलाखत घेतलीस त्याच्या आठ दिवस आधीची आहे.

म्हणजे मी आजारी आहे हे मला विचारण्याआधीच तुला ठाऊक होतं. फसवून बोलतं केलंस, तेही एक वेळ सोडते. पण वर्ष उलटलं, रागिणी. एकदाही म्हणाली नाहीस, “आत्या, चाल, डॉक्टरले दाखवू.”

मंगळवारी अमरावतीला मी एकटीच दाखवून आले.

तुझी आत्या,
शकुन