कोयलीचे चार बिंदू

सर, तुम्ही आमच्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलात, माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "माझ्यापायी कॉलेज सोडलंस रे." त्या घटकेला माझं सगळं बदललं. मी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला.

त्याआधीचं तुम्हाला माहीत नाही. उपग्रहाच्या कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या तीन पट्ट्या शेजारीशेजारी बसवलेल्या. वर जाताना हादरा बसून एखादी केसभर कलली, की इथे जमिनीवर चित्र शंभर मीटर सरकतं, आणि वर जाऊन काही स्क्रू पिळता येत नाही. म्हणून चित्रात स्वच्छ दिसणारे चौक, कालव्याचे पूल हुडकायचे, तिथे यंत्र लावून तासभर बसायचं, अक्षांश-रेखांश लिहून आणायचे. त्यावरून तुम्ही पट्टीचा कल काढणार. "जिथे उभा राहिला नाहीस, तो बिंदू लिहायचा नाही," एवढा एकच तुमचा नियम. तिसऱ्या पट्टीखालचे, कोयली गावाकडचे चार बिंदू माझ्या वाट्याला आले.

त्या दुपारी, जिच्यामागे मी तेव्हा वेडा होतो ती मुलगी, फतेगंजला भेटते म्हणाली होती. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलली होती माझ्याशी. मी यंत्राची पेटी मित्राच्या खोलीवर टाकली आणि डिपार्टमेंटमधल्या जुन्या नकाशावरून चारही बिंदू फूटपट्टीनं मोजून तक्त्यात भरले. अगदी मन लावून भरले. जुने नकाशे पृथ्वीचा वेगळाच आकार धरून काढलेले असतात, यंत्राशी ताडून पाहिले तर सगळेच्या सगळे एका बाजूला सरकलेले निघतात, हे तुम्ही ज्या तासाला शिकवलंत, तो तास मी तिच्या हॉस्टेलसमोर उभा राहून काढला होता. फतेगंजला ती आलीच नाही.

एखादाच बिंदू चुकला असता तर तुम्ही चटकन काढून टाकला असतात. चारही एकाच दिशेला, सारखेच सरकले, म्हणून तुम्ही कॅमेऱ्यावर संशय घेतलात. उपग्रहवाल्यांकडे अहवाल गेला. उत्तर आलं, बाकी कुठेही असा कल सापडत नाही. तुम्ही महिनोन्महिने आकडेमोड करत राहिलात, तोवर काम दुसऱ्यांकडे गेलं. स्टाफरूमच्या दारात एक लेक्चरर हसत म्हणाला, "आ साहेबने तो आकाशमांय वांकुं देखाय छे." या साहेबांना आकाशातही वाकडंच दिसतं. मी त्याची कॉलर धरली आणि दोन ठेवून दिल्या. कॉलेजवाले माफी माग म्हणाले, मागितली नाही. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी आलो. सगळे म्हणाले, काय गुरुभक्ती. थोडे दिवस, तुम्ही घरी येईपर्यंत, मलाही तसंच वाटलं. त्याच हिवाळ्यात आजारपणात तुम्ही गेलात.

आज इतक्या वर्षांनी काकूंनी तुमच्या घरी बोलावून घेतलं. त्या आता मुलाकडे पुण्याला निघाल्यात. तुमच्या वह्या माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "शेवटपर्यंत हेच चाललं होतं रे. जेवताना ताटात बोटानं आकडे काढायचे. मला काय कळतंय? तूच बघ, कुठे चुकलं त्यांचं."

मी वही उघडली. कोयलीचे चार बिंदू. तुम्ही प्रत्येक पानावर बाकी सगळ्यावर शंका घेतलीत, स्वतःच्या बेरजांवर, डोळ्यांवर, औषधांमुळे येणाऱ्या गुंगीवरसुद्धा. त्या चारांपुढे मात्र दरवेळी लिहिलंत : हे पक्के. विद्यार्थ्यानं स्वतः जाऊन घेतलेत.

"गणित बरोबर आहे, काकू."

"मग?"

"त्यांचं काही चुकलेलं नाही."

"मी म्हणतच होते," म्हणाल्या, आणि किती दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या. "आता जेवूनच जा."

हे पत्र त्यांना तरी द्यावं म्हणून तुमच्याच टेबलाशी बसून लिहायला घेतलं होतं. देणार नाही. खरं सांगू, सर, त्या हसल्या तेव्हा मला हलकं वाटलं. सुटल्यासारखं. आत त्या पानं घेतायत, वाट्यांचा आवाज येतोय. कागद खिशात घालतो, हाक मारायच्या आत बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.