एका शब्दावाचून तेरा दिवस

कळंबा, कोल्हापूर
सोमवार, दुपार

तीर्थरूप आक्कास उन्मेषचा वाकून नमस्कार.

तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची चौकशी मागच्या भेटीत झाली. हंबीरराव दाजींचा खोकला, म्हशीचं दूध आणि दारातला शेवगा, सगळं ठीक असेल असं धरतो. आमच्याकडं सगळे बरे आहेत. माईचं मनगट जुळलं, प्लास्टर निघालं. अवंतिका रोज बँकेत जाते. मी रोज स्वयंपाक करतो आणि तो खाल्ला जातो.

कळंब्याहून गडमुडशिंगीला पत्र आलेलं पाहून तू घाबरशील. घाबरण्याचं कारण शून्य. (शून्य या शब्दाला अवनीनं मान्यता दिली आहे. तो आकडा आहे, असं ती म्हणते.) अर्ध्या तासाचा रस्ता आहे. फोनही खिशात असतो. गेल्या आठ दिवसांत तू अकरा वेळा फोन केलास आणि मी अकराही वेळा तो वाजू दिला, हे मला मान्य आहे. पण फोनवर तू पहिलं विचारतेस, "जेवलास का?" जेवण व्हायचं असेल तर त्याला माणसाच्या तोंडून आपोआप एकच उत्तर येतं. ते उत्तर मला सध्या महागात पडेल. कागदावर थांबून विचार करता येतो, म्हणून कागद. उद्या सकाळी अवनी गोकुळ शिरगावला कामावर जाताना हे पत्र तुझ्या हातात देईल.

झालं असं. पौर्णिमेच्या सकाळी मी आमटीला फोडणी देत होतो. अवंतिकेनं बाहेरून विचारलं, कोथिंबीर आहे का. मी 'हो'च्या उलट जो शब्द आहे तो उच्चारला. माई सोफ्यावर होती. मनगट मोडल्यापासून तिनं स्वयंपाकघर सोडलं होतं, हे तू पाहिलंसच. दोन महिने ती तिकडं पाठ करून बसायची, आणि वाढलेलं ताट मुकाट्यानं जेवायची. (माई आणि मुकाट्यानं. मला त्याचीच जास्त काळजी वाटत होती.) त्या दिवशी ती उठली, दारात आली आणि म्हणाली, "आरं, चुलीपुढं असलं बोलत्यात व्हय? वास्तू वर बसून तथास्तु म्हणत असती." तुला हे पाठ आहे. तेलाचा डबा कोरडा पडला तरी आपण लहानपणी 'तेल आणायचंय' असंच म्हणायचो. पण मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. धैर्यशील सरांबरोबर शाळाशाळांत फिरून अंधश्रद्धेवर दीडशे व्याख्यानं दिली. (सर बोलायचे. मी लिंबातून रक्त काढून दाखवायचो.) मी माईला म्हणालो, वास्तूला कान असतील तर ते कुठल्या भिंतीत आहेत ते दाखव. माई म्हणाली, "कान ऱ्हाऊ देत. तुझ्या जिभंला लगाम हाय का ते बघू. पंधरा दिस त्यो शब्द गिळून दाखीव की. मास्तर हाईस की मोठा!"

इथं अवनी मध्ये पडली. ती पेपरातलं शब्दकोडं पेनानं सोडवते (पेन्सिल वापरणाऱ्यांना ती भित्री समजते) आणि जेवताना मोबाइलवर शब्द ओळखायचे खेळ खेळते. आजी आणि बाप यांच्यात शब्दावरून पैज लागली म्हटल्यावर तिनं लगेच कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर नियम लिहून फ्रिजला चिकटवले. पौर्णिमेपासून अमावास्येच्या सूर्यास्तापर्यंत तो शब्द बंद. त्याची सगळी भावंडं, चुलत भावंडं बंद. डबा, बरणी रिकामी झाल्याचं सांगणारा शब्दही बंद. घरात, बाहेर, फोनवर, कागदावर, सगळीकडं बंद. मान आडवी हलली तरी बाद. दुसऱ्याचं बोलणं सांगताना तो शब्द आला तर तिथं टिंबं. मी जिंकलो तर गॅलरीतली काळी बाहुली माईनं स्वतःच्या हातानं उतरवायची आणि तथास्तुचा विषय कायमचा सोडायचा. मी हरलो तर माझ्या स्कूटरला दर शनिवारी लिंबू-मिरची, आणि ती मी स्वतः बांधायची. अवंतिका तटस्थ राहिली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर निकाल आधीच ठाऊक असल्यासारखा तिचा चेहरा मात्र होता.

आक्का, तू विचार कर. निवृत्त विज्ञान शिक्षक शाहूपुरीतून स्कूटरवरून जातोय, दुकानादुकानांत त्याचे विद्यार्थी बसलेत, आणि हँडलला लिंबू लटकतंय. मी ठरवलं, जीभ कापून ठेवीन पण शब्द गिळीन.

पहिले दोन दिवस सोपे गेले. तिसऱ्या दिवशी मी भाजीला गेलो. आपल्या नाक्यावरच्या बनाबाई म्हणाल्या, "मास्तर, वांगी देऊ?" मी म्हणालो, भेंडी घेतली. "मग वांगी बी घ्या की." घरात चौघंच आहोत, असं सांगितलं. "चौघं म्हंजे दोन किलो." मी योग्य वाक्य शोधत उभा राहिलो. उभ्या माणसाचा होकार असतो, असं बनाबाईंचं मत आहे. दुसऱ्या दिवशीही त्याच जागी मी तसाच उभा राहिलो. एकूण चार किलो. भरलं वांगं, भरीत, काप, पुन्हा भरीत. अवंतिका हल्ली बँकेच्या कँटीनमध्ये जेवून येते.

मग पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा फोन आला. घरी माणूस पाठवू का, असं एका मुलीनं विचारलं. मी म्हणालो, "बघूया की." कोल्हापुरात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. ती पुण्यातून बोलत होती. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली. त्यांनी आमच्या पाण्यात दोन तारा सोडून ते तपकिरी करून दाखवलं. (हा माझाच प्रयोग. लोकांना असं फसवतात, हे सांगण्यासाठी मी तो आठवीच्या वर्गात करायचो.) दोन तास त्यांनी चहा घेतला आणि मी त्यांना विद्युत अपघटन समजावलं. शेवटी ते आपणहून उठले. त्या दिवसापासून मी फोन घेणं सोडलं.

या सगळ्यात माई सुखात होती. पंचानं जवळ बसावं लागतं, असं म्हणून तिनं आपली खुर्ची गॅसशेजारी आणून ठेवली. दिवसभर ती मला प्रश्न टाकायची. "दळाण आणलंस?" आणणार आहे. "दुसरा सिलिंडर हाय का?" नंबर लावलाय. "माझं कवा ऐकलंयस का रं आजवर?" मी झाकण ठेवलं आणि हसलो. चौथ्या दिवशी माझी फोडणी बघवेना म्हणून तिनं माझ्या हातातली पळी घेतली. ('बघवेना' या शब्दावर अवनीनं अर्धा तास विचार केला आणि तो माईचा आहे म्हणून सोडून दिला.) सहाव्या दिवशी तिनं एका हातानं मेथी निवडली. आठव्या दिवशी मला बाजूला सारून भाकरी थापली. भाकरी वाकडी होती. मी ती सगळ्यात आधी उचलून खाल्ली.

आता रविवार, म्हणजे काल. धैर्यशील सर जेवायला यायचे होते. मटण, पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा, सगळं मी करणार असं मी आठवडाभर आधी जाहीर केलेलं. पांढऱ्या रश्श्याचं तुला माहीत आहे. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध गेलं की आच मंद ठेवावी लागते. उकळी फुटली की रस्सा फाटला. माईच्या मते रस्सा फाटतो तो नजरेनं. मी पातेल्यावर वाकून ढवळत होतो आणि तिनं विचारलं, "मीठ-मिरची ओवाळू का पातेल्यावरनं?" आक्का, या प्रश्नाला मी आयुष्यभर एकच उत्तर देत आलो. काल मी ढवळत राहिलो. तिनं ओवाळली. तीन वेळा, आणि चौथ्यांदा माझ्यावरून. रस्सा दुधासारखा एकसंध उतरला. मंद आचेमुळं. माई आता सगळ्या इमारतीत दुसरंच कारण सांगत फिरते आहे. (हो, फिरते आहे. जिना उतरून.)

एवढ्यात सरांचा खालून फोन आला, तो वाजू देऊन मी खाली गेलो. सर माझ्या स्कूटरपाशी उभे होते. हँडलला लिंबू होतं. खाली सात मिरच्या, वर बिब्बा. ताजं, काळ्या दोऱ्यात नीट ओवलेलं.

त्याचं असं आहे की शुक्रवारी तळमजल्यावरचा बाळासो स्कूटर मागायला आला होता. त्याला गडहिंग्लजला जायचं होतं. मी "बघूया की" म्हणालो. बाळासो पक्का इथला, त्याला अर्थ कळला. तो म्हणाला, "म्हंजे देत …… असं सरळ म्हणा की मास्तर!" सरळ म्हणणं मला अशक्य होतं. मी किल्ली दिली. त्यानं लांबचा पल्ला म्हणून शनिवारी लिंबू-मिरची बांधली, सुखरूप जाऊन आला आणि काल सकाळी गाडी लावून गेला. पेट्रोलही भरलं होतं. माणूस चांगला आहे.

सरांनी विचारलं, "गाडी तुमचीच की, सर?" मी म्हणालो, माझीच. "आणि हे?" मी म्हणालो, शेजाऱ्यानं बांधलं. सरांनी दीडशे व्याख्यानांत हजारो माणसं पाहिली आहेत. सगळ्यांची लिंबं शेजाऱ्यानंच बांधलेली असतात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मोकळेपणानं सांगा. वय झालं की होतं असं. बसायला लागला का विश्वास?"

आक्का, त्या प्रश्नाला जगात एकच खरं उत्तर आहे. दोन अक्षरं. माई तिसऱ्या मजल्यावर होती. अवनी पापड भाजत होती. तिथं ऐकायला सर, मी आणि लिंबू. ते उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो, आणि वर येऊन सगळ्यांकडं बघत जेवलो असतो. शब्द दातांपर्यंत आला. मी तो गिळला. "जेवायला चला, सर," एवढंच म्हणालो. सरांनी मान हलवली आणि जिन्यात मला आधाराला हात दिला. एकतीस वर्षांची नोकरी झाली, आदर्श शिक्षकाचा पुरस्कार झाला, पण आक्का, मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नाही. चारचौघांत शब्द पाळणं सोपं. एकट्यानं, वर बदनामी सोसून पाळणं, हे आपल्या घराण्यालाच जमावं.

जेवण उत्तम झालं. सरांनी पांढरा रस्सा तीन वाट्या घेतला. संध्याकाळी त्यांनी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'उन्मेष सरांकडे जेवून आलो. रस्सा अप्रतिम. मनाने थोडे खचले आहेत. सर्वांनी अधूनमधून फोन करावा.' तेव्हापासून सतरा फोन आले. मी सतराही वाजू दिले. आता ते आणखी काळजीत आहेत. बुधवारी सूर्यास्तानंतर मी एकेकाला फोन करून तो शब्द मोठ्यानं ऐकवणार आहे.

बाकी विशेष काय लिहू? तुझ्या गुडघ्याची चौकशी करावी आणि माई पुन्हा चुलीपाशी आली हे कळवावं, एवढ्यासाठीच हे पत्र. हंबीररावांना नमस्कार, म्हशीला थाप.

तुझा धाकटा,
उन्मेष

ता.क. : अमावास्येच्या सकाळी माईला चटणी-भाकरी लागते. बुधवारी ती विचारणार, "आक्कीची चटणी हाय का रं?" काल सरांनी तिसरी वाटी मागितली तेव्हा पातेल्याचा तळ चमकत होता, म्हणून माझी वाटी त्यांच्यापुढं सरकली. मी भाकरी तुझ्या कांदा-लसूण चटणीशी खाल्ली. आक्का, आता बरणीत बरणीच दिसते. माईच्या त्या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत, आणि त्यातलं एक तुझ्या हातात आहे. बुधवारी सकाळी आठच्या आत, हंबीररावांबरोबर, निदान एक किलो. तेरा दिवस तुझ्या भावानं काय काय सोसलं ते वर लिहिलंच आहे. ते एका चटणीपायी वाया जाऊ देशील का? (उत्तर मनातल्या मनात दे.)

आणखी ता.क. : सोबत दीड किलो वांगी पाठवली आहेत. ती ठेवून घे.

(लाल पेनानं, वेगळ्या अक्षरात)

आत्या, पत्र तपासायचं काम माझं होतं. पहिल्या वाचनात मलाही दिसला नाही, इतक्या ऐटीत बसलाय. जिथं बाबांना स्वतःचा सगळ्यात जास्त अभिमान वाटलाय, ते वाक्य बघ. मी खाली रेघ मारलेली नाही, कारण ते आता झोपलेत आणि झोपेत हसतायत. माईला अजून सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती जिंकेल आणि परत सोफ्यावर जाऊन बसेल, त्यामुळं बुधवारपर्यंत तू पण बोलू नकोस. शनिवारचं शनिवारी बघू.

चटणी खरंच संपली आहे. पाठव. आणि तिच्याबरोबर सात हिरव्या मिरच्या टाक. लिंबू घरात आहे.

अवनी