वाचनालयाच्या बाकावर

अंबड, सोमवार, नोव्हेंबर १९७३

वाचनालयाचे चिटणीस डोक्यातून जाईनात. सगळी कपाटं बंद आणि किल्ल्यांचा जुडगा यांच्या कमरेला. वर अभिमान, इतक्या वर्षांत एक पुस्तक फाटलं न्हाई. फाटेल कसं? कुणी उघडलंच न्हाई.

मी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकते म्हटल्यावर हसले. "पुस्तकं रचायलाबी डिग्री लागती का?"

धाकट्या बहिणीला मॅट्रिकसाठी व्याकरणाचं पुस्तक हवं होतं. किल्ल्या चाचपत म्हणाले, "तुमच्या वस्तीतल्यांनी दारातच थांबायचं."

असल्या माणसाच्या हाती वाचनालय?

मी बहिणीचा हात धरून आत शिरले. दोघी बाकावर बसलो. ऊठ म्हणायची त्यांची हिंमत झाली न्हाई. पुस्तक मात्र दिलंच न्हाई. उद्या परत बसणार, वस्तीतल्या आणखी पोरी घेऊन.