गाडीचा पहारा

रविवार, ४ फेब्रुवारी

आली एकदाची! काळी, लांबलचक, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा ऐसपैस. काचासुद्धा काळ्या. अख्खी इमारत बघायला खाली उतरली. आणि हा गाडीभोवती गोल गोल फिरतोय — "लांबून बघा हं, हात नका लावू, ठसे उठतात." शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मुकाट्याने हात मागे बांधले. जन्मभर पोरांना हेच सांगत आल्या, आज त्यांच्यावरच वेळ आली!

लोकांसमोर नवऱ्याला मी 'हे' म्हणते. इथे 'हा'. इथे तरी खरं लिहू दे.

पहिल्या फेरीला मला मागे बसवलं. पुढच्या सीटवर याची बॅग होती.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

नवीन खूळ. चोर म्हणे दाराबाहेर उभं राहून घरातल्या किल्लीचा सिग्नल पकडतात आणि किल्लीला हात न लावता गाडी पळवतात. म्हणून किल्ली स्टीलच्या डब्यात, डबा कपाटात, कपाटाची चावी याच्या उशीखाली. माझे दागिने त्याच कपाटात होते. लग्न झाल्यापासून कपाट उघडंच असायचं. आता मला माझं मंगळसूत्र काढायचं तर याला उठवावं लागतं!

शनिवार, १० फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात शिकते, होस्टेलवर असते. "आई, बाबा मला रोज गाडीचे फोटो पाठवतात गं. मी जेवले का, ते नाही विचारत." ती हसली. मला नाही हसू आलं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आज लाज वाटली. याची बायको म्हणवून घ्यायचीच लाज वाटली.

इमारतीतल्या सगळ्यांच्या गाड्या धुणारा माणूस. आमची जुनी गाडी तोच धुवायचा. लेकीला सायकलवर मागून धरून धरून त्यानेच शिकवलं. आज सकाळी बादली घेऊन आला, फोन वाजला म्हणून खिशातून फोन काढला. एवढंच! हा बाल्कनीतून ओरडला — "फोटो काढतोस? नंबर कुणाला पाठवतोस?" आणि तसाच लुंगीवर खाली. मी जिन्यात असताना कानफटात मारल्याचा आवाज आला.

मी पोचले तेव्हा तो गाल धरून उभा होता. फोन याच्या हातात. फोनमध्ये काय — त्याच्या बायकोचा मिस्ड कॉल.

"माफी मागा," मी म्हटलं. सगळ्यांसमोर.

"तू वर जा."

दुपारी मी त्याच्या खोलीवर गेले. दारातच उभं राहून तो म्हणाला, "ताई, तुमच्याशी काही नाही माझं. पण तुमच्या पार्किंगमध्ये आता पाऊल टाकणार नाही."

गाडी आता हाच धुतो. मऊ फडक्याने. मला ताप आला होता तेव्हा कपाळावर ओली पट्टी ठेवायला याच्याकडे वेळ नव्हता.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मी ज्या दवाखान्यात कानाची यंत्रं बसवते, तिथे आज एक आजोबा यंत्र परत करायला आले. "काढून घ्या हो हे. लावलं की सून काय बोलते ते सगळं ऐकू येतं." आम्ही पोट धरधरून हसलो. घरी येऊन सांगितलं तर हा म्हणाला, "शू! खाली कोणीतरी आहे." पडद्याच्या फटीला डोळा लावून उभा! खाली कुत्रं होतं.

म्हणतो, मोटारसायकलवरची दोघं पोरं त्याच्या टाइल्सच्या शोरूमपासून घरापर्यंत मागे येतात. म्हणून सरळ घरी येत नाही. आधी बाजार, मग दवाखाना, मग स्मशानाला वळसा, मग घर. मनाचे खेळ सगळे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, याला तर दिवसाढवळ्या दिसतं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

खरं आहे.

मीच बघितली. लाल टाकीची मोटारसायकल. दवाखान्यासमोर हा मला घ्यायला थांबला होता, ती पलीकडे उभी. आम्ही निघालो, ती निघाली. आम्ही वळलो, ती वळली. घराच्या कोपऱ्यावर पुढे निघून गेली. मागे बसलेल्या पोराने मान वळवून बघितलं — गाडीकडे, निवांत, गिऱ्हाईक दुकानात माल बघतं तसं.

"आता पटलं?" हा म्हणाला. आवाजात भीती नव्हती, आनंद होता! आपण शहाणे ठरलो याचा आनंद.

मी मात्र घरात शिरल्या शिरल्या दाराला कडी घातली.

सोमवार, २६ फेब्रुवारी

पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने लिहून घेतलं, जांभई देत देत. पण बोलला ते पोटतिडकीने. "हे मागून बारीकसा धक्का देतात. माणूस काय झालं बघायला उतरतो, तेवढंच त्यांना हवं असतं. उतरायचं नाही! काचा वर, दारं बंद, सरळ चौकीवर यायचं. आणि समोर येऊन किल्ली मागितलीच तर देऊन टाकायची साहेब. गाडी दुसरी मिळते."

बाहेर पडल्या पडल्या हा — "देऊन टाकायची म्हणे! याच्या बापाची आहे का?"

"विका ती गाडी," मी म्हटलं.

याने रेडिओचा आवाज वाढवला.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

सीटखाली लोखंडी कांब आणून ठेवलीय. चोरांसाठी! ब्रेक मारला की घरंगळत मागे येते आणि माझ्या घोट्यावर बसते. पहिला वार मलाच.

गुरुवार, ७ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लिहिल्याशिवाय डोकं थांबणार नाही.

परवा संध्याकाळी. हा मला दवाखान्यातून घ्यायला आला. मी नेहमीसारखी मागे. उड्डाणपुलाच्या अलीकडे, बंद गोदामांच्या रस्त्यावर — मागून टक्. अगदी बारीक.

"उतरू नका," मी म्हटलं. "अहो, हवालदार काय म्हणाला? उतरू नका!"

"बंपर गेला असेल."

"जाऊ दे बंपर!"

उतरला. इंजिन चालू, दार सताड उघडं. दोघं होते. एक मोटारसायकलवरच बसून राहिला. दुसरा चालत आला, हातात सुरा. मोठा, मटण कापायचा असतो तसला. "किल्ली."

हा माझ्याकडे वळला. काळ्या काचेतून मी त्याला दिसत नसणार. पण मी आहे हे माहीत होतं ना! एक क्षण थांबला. आणि पळाला. किल्ली खिशात, हा पुढे — गोदामांच्या बोळात शिरला. त्याचा एक बूट रस्त्यावर पडला तो मी बघितला.

सुरेवाला गाडीत बसला, दार आपटलं, गाडी हाणली. मागे कोणी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं! मी किंचाळले. तो माझ्याहून मोठ्याने किंचाळला.

"आयला! तुम्ही कोण?"

गाडी टूं टूं करत होती — किल्ली आत नाही म्हणून सांगत होती.

"किल्ली कुठाय?"

"नवऱ्याकडे."

"आणि तो?"

"तुमच्यासमोरच पळाला ना."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. विशीबाविशीचा असेल, मानेवर घामोळं. नंतर म्हणाला, "गप बसा काकू. पूल उतरलो की सोडतो. नाही लावत हात." मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार! पर्स छातीशी धरून बसले. फोन पर्समध्ये होता, पण चेन उघडायची छाती झाली नाही.

पुलाच्या मधोमध गाडी मेली.

आधी वेग गेला, मग दिवे, मग ते टूं टूंसुद्धा. भर रहदारीत, अंधारात, उभी! तो बटणं दाबतोय, स्टीअरिंगवर मुठी मारतोय. मग वळला. तोंड ओळखू येईना, इतकं बदललेलं. "काय केलंस? काय दाबलंस?" सीटवरून मागे झुकून माझा हात धरला आणि पिळला. कट् असा आवाज झाला. मी काही केलं नाही, काही केलं नाही, एवढंच म्हणत राहिले. मागून त्याच्या जोडीदाराने हॉर्न मारला. सुरेवाला दार उघडून त्याच्या मागे बसला, गेले.

माझं दार उघडेना. पुढच्या सीटवर रांगत गेले, त्याच्या दारातून बाहेर पडले. कठड्याला टेकते न टेकते तोच एक ट्रक आला — ब्रेक, किंकाळीसारखा आवाज — गाडीच्या अंगाला लागून निघून गेला. एक आरसा तेवढा घेऊन गेला.

मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

शुक्रवार, ८ मार्च

घरात माणसांची रीघ. आणि हा सोफ्यावर बसून कीर्तन लावल्यासारखा सांगतोय — "डोकं शांत ठेवलं. किल्ली हातची जाऊ दिली नाही. गाडीत यंत्र बसवलेलंच होतं. पळता पळता फोनवरून गाडी बंद पाडली!" थोरले दीर म्हणाले, "शाब्बास रे वाघा!" माझी सख्खी बहीण म्हणाली, "नशीबवान आहेस बाई." वाघाने बूट टाकून पळ काढला, ते मी सांगितलं नाही. दात ओठ खाऊन बसले.

लेकीला कळवायचं नाही म्हणतो, परीक्षा चालू आहे तिची. मलाही पटलं. बाथरूममध्ये पडून हात मोडला, असं तिला सांगितलंय.

आरसा मागवला. बाहेरदेशातून येणार. त्याची चौकशी दिवसातून चार वेळा.

सोमवार, ११ मार्च

पोलिसांनी विचारलं, कुणावर संशय? याने गाडी धुणाऱ्याचं नाव दिलं!

त्याला चौकीत नेलंय, हे मला शिक्षिकाबाईंकडून कळलं. रिक्षा केली, गळ्यात हात अडकवलेला तशीच चौकीत गेले. बाहेर पायरीवर त्याची बायको बसलेली. तिच्याकडे बघवेना. आत जाऊन हवालदाराला म्हटलं, "चोराबरोबर गाडीत मी होते, तुम्ही किंवा माझा नवरा नाही. गाडी धुणाऱ्याचा काही संबंध नाही. लिहून घ्या, मी सही करते — डाव्या हाताने करते." हवालदार म्हणाला, "पण साहेबांनी..." मी म्हटलं, "साहेब गाडीत नव्हते!"

सोडलं त्याला. बाहेर आल्यावर माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "ताई, फार दुखतं का?"

घरी आल्यावर याला बोलले. सगळं बोलले. भेकड म्हटलं, खोटारडा म्हटलं, पळपुटा म्हटलं. भांडी घासणारी बाई काम टाकून निघून गेली. हा ऐकून घेत बसला. मान खाली.

गुरुवार, १४ मार्च

काल हाच बोलला. आपण होऊन.

"मला वाटलं किल्ली नसली की गाडी हलणारच नाही. ते गाडी टाकून जातील, तू सुटशील. मग गाडी हललीच. तेव्हा वाटलं, बंद पाडली की घाबरून पळतील. तुझ्यासाठीच केलं गं. पुलावर असशील हे डोक्यातच आलं नाही."

रडला. मी त्याला सासरे गेले तेव्हासुद्धा रडताना बघितलं नव्हतं.

आज सकाळी माझे केस विंचरून दिले. वेणी घातली — वेणी कसली, सुतळीचा गुंता! नंतर पोळीचे तुकडे करून ताटलीत ठेवले. म्हणाला, "गाडी विकून टाकू. तू म्हणशील तेव्हा."

माणूस घाबरतो. सुरा बघून मी तरी काय केलं असतं, कोण जाणे. पळाला, पण मागाहून डोकं चालवलं, माझाच विचार केला. चुकलं असेल, वाईट नव्हतं मनात. एवढा राग जन्मभर वाहून न्यायचा म्हटलं तर माझीच पाठ मोडेल.

सोडून देते. ठरलं.

रविवार, १७ मार्च

परीक्षा संपवून लेक आली. हा बाहेर गेलेला होता. हात बाथरूममध्ये मोडला नाही, मी गाडीत होते, हे तिला आज सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, गाडी मी बंद केली. गाडी बंद पाडायचं ते ॲप माझ्याही फोनवर आहे. बाबांचा फोन आला — गाडी नेली, मला जमत नाहीये, तू बंद कर, लवकर! मी आधी विचारलं होतं गं, आई कुठाय?"

"मग?"

"म्हणाले, घरी आहे."