अकरा अंश

४ मार्च
आजही जुळलं नाही! आमचा उपग्रह वरून लेझर सोडतो आणि हवेतल्या धुळीवरून परत येणाऱ्या उजेडावरून वारा मोजतो — जगभरचा. ताडून बघायचा तो मात्र बाबांच्या जुन्या हवामान केंद्रातून वारा मोजायला सुटणाऱ्या फुग्यांशी. बाबांनी तिथे तीस वर्षांत एक फुगा चुकवला नाही, म्हणून तेच केंद्र प्रमाण. आणि नेमका तिथेच वाऱ्याच्या दिशेत अकरा अंशांचा फरक. आमच्या विभागप्रमुख मोठ्या बाईंनी बजावलंय, शुक्रवारपर्यंत जुळलं नाही तर उपग्रहाचा वारा हवामानाच्या अंदाजात घ्यायचा नाही. सहा वर्षांचं काम पाण्यात.

५ मार्च
बाबा रोज विचारतात, जुळलं का गं माझ्या फुग्यांशी? निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, फुगे अजून त्यांचेच! आई असताना टोमणा मारायची — तू जन्मलीस तेव्हाही हा माणूस फुगेच सोडत होता. दवाखान्यात दोन तास उशिरा पोचले म्हणे. मी ते अजून माफ केलेलं नाही. इथे तरी खोटं कशाला लिहू.

६ मार्च
थकले. डोळे चुरचुरताहेत. जेवणही नको वाटलं.

७ मार्च
उपग्रहाचा उजेड गोळा करणारा आरसा तापून बिघडत असता तर चूक रोज बदलली असती. ही बदलतच नाही. जमिनीजवळ अकरा, दहा किलोमीटरवरही अकरा. म्हणजे चूक वर नाहीच, खाली आहे! केंद्रातल्या निरीक्षकाला फोन करून फुग्याचा माग काढणाऱ्या अँटेनाची उत्तर दिशा तपासायला सांगितली. आधी तो हसला. भरदुपारी सावली मोजून त्याने परत फोन केला, तेव्हा हसत नव्हता. चौथऱ्यावरची उत्तरेची खूण अकरा अंश चुकलेली. खूण बाबांच्या हातची.

उपग्रह वाचला. आता बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?

८ मार्च
सकाळी सांगितलं, कसंबसं. त्यांनी चष्मा काढला, पुसत बसले. "अहवालात तसंच लिही," एवढंच म्हणाले. लिहिलं. बाई खूश. संध्याकाळी बाबांनी काहीच विचारलं नाही. घर खायला उठलंय.

११ मार्च
दुरुस्ती कधीपासून करायची म्हणून केंद्राच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. ती खूण ज्या दिवशी केली तो दिवस सापडला. माझा जन्मदिवस. खाली बाबांचं अक्षर, कधी नव्हे ते पळतं —

"वादळात अँटेना फिरली. नजरेनेच बसवून खूण केली. उद्या नीट तपासतो. दवाखान्यातून निरोप आलाय."